फ्रेडी आणि बाकीचे तिघे

पाचगणीला गेलं की कुणी ना कुणी सांगतंच, फ्रेडी मर्क्युरी इथल्या शाळेत शिकला. ते खरं आहे. ५ सप्टेंबर १९४६ला झांझिबारमध्ये एका पारशी घरात जन्मलेल्या फरोख बुलसाराला आठव्या वर्षी आईवडिलांनी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पाठवलं. तिथल्या वसतिगृहात तो मोठा झाला, पियानो शिकला. मित्र त्याला फ्रेडी म्हणू लागले तेही तिथेच. शाळेतल्या पाच मुलांनी मिळून 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला होता. त्यात फ्रेडी पियानो वाजवायचा. मुख्य गायक दुसराच मुलगा होता.

आपल्याला या गोष्टीचा अभिमान वाटतो आणि तो वाटायलाच हवा. पण त्या अभिमानापोटी फ्रेडी ज्याचा गायक होता त्या क्वीन या इंग्लिश रॉक बँडची गोष्ट आपण फार आखूड करून टाकली आहे. दैवी गळ्याचा एक मुलगा पाचगणीहून निघाला, लंडनला पोचला आणि जगप्रसिद्ध झाला, अशी. मधली दहाएक वर्षं त्यात नाहीत, आणि बाकीचे तिघेही नाहीत. रॉक बँड कसा जमतो, त्याचा आवाज कसा तयार होतो, गाणी गाजूनही त्याच्या हातात पैसा का नसतो, हे समजून घ्यायचं असेल तर क्वीनसारखं उदाहरण शोधून सापडणार नाही. म्हणून ही गोष्ट जरा सावकाश सांगतो.

१९६४च्या जानेवारीत झांझिबारमध्ये क्रांती झाली. रक्तपात झाला आणि बुलसारा कुटुंब घरदार सोडून इंग्लंडला आलं. लंडनच्या कडेला, हीथ्रो विमानतळाजवळच्या फेल्टम गावात त्यांनी बिऱ्हाड केलं. फ्रेडी ईलिंगच्या कला महाविद्यालयात ग्राफिक डिझाइन शिकू लागला. तिथे त्याच्या वर्गात टिम स्टाफेल होता आणि हा टिम 'स्माइल' नावाच्या बँडमध्ये गायचा. फ्रेडी स्माइलच्या तालमींना जाऊन बसू लागला. कपडे असे घाला, मंचावर असे उभे राहा, असं न विचारताच सांगूही लागला.

स्माइलमध्ये गिटारवर होता ब्रायन मे. इम्पीरियल कॉलेजात भौतिकशास्त्र शिकणारा उंच, शांत मुलगा. त्याच्या गिटारसाठी इथे थांबायलाच हवं, कारण क्वीनचा निम्मा आवाज त्या लाकडात आहे. ब्रायन शाळेत असताना बाजारातली चांगली इलेक्ट्रिक गिटार घरच्यांना परवडणारी नव्हती. त्याचे वडील हॅरोल्ड इलेक्ट्रॉनिक्स जाणणारे. १९६३मध्ये बापलेकांनी ठरवलं की गिटार घरीच करायची. गिटारची मान झाली एका जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातून. अंगाला जुन्या टेबलाचं ओक वापरलं. स्वर डोलवायच्या दांड्याला जुन्या मोटरसायकलच्या इंजिनातल्या स्प्रिंगा लावल्या. पट्टीवरच्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं घासून बसवली. हे काम दोनेक वर्षं चाललं. पुढे ब्रायन ती गिटार तारा छेडायच्या प्लास्टिकच्या तुकड्याऐवजी सहा पेन्सच्या नाण्याने वाजवू लागला.

यात हौशीपेक्षा बरंच काही होतं. इलेक्ट्रिक गिटारमध्ये तारेखाली चुंबकाची आणि तारेच्या वेटोळ्यांची पेटी असते, तिला पिकअप म्हणतात. तार हलली की पिकअपमध्ये वीज हलते आणि ती वीज अँप्लिफायरमध्ये मोठी होते. ब्रायनच्या गिटारला असे तीन पिकअप होते. प्रत्येकाला चालू-बंद करायचं एक बटण आणि विजेची दिशा उलटी करायचं दुसरं. दोन पिकअप एकमेकांच्या उलट लावले की जाड, खर्जाचा भाग एकमेकांना खाऊन टाकतो आणि मागे उरतो तो बारीक, नाकातून आल्यासारखा आवाज. सरळ लावले की भरदार, गोल आवाज. म्हणजे एकाच वाद्यातून व्हायोलिनसारखा, तुतारीसारखा, माणसाच्या गळ्यासारखा आवाज निघू शकत होता. क्वीनच्या तबकड्या ऐकताना मागे वाद्यवृंद वाजतोय असं वाटतं, ती पुष्कळदा ही घरी केलेली गिटारच असते. सत्तरच्या दशकातल्या आपल्या अल्बमवर ते छापायचेच की यात सिंथेसायझर, म्हणजे विजेवर हवे ते आवाज तयार करणारं वाद्य, वापरलेला नाही.

ढोल-ताशावर, म्हणजे ड्रम्सवर, होता रॉजर टेलर. कॉर्नवॉलमधल्या ट्रुरोचा, लंडनला दंतवैद्यक शिकायला आलेला. इम्पीरियल कॉलेजच्या फलकावर 'ड्रमर हवा' अशी चिठ्ठी लागली होती, तीवरून तो आला. तो हात तर उत्तम चालवायचाच, पण त्याचा गळा तारसप्तकात आणखी वर, अगदी बायकांच्या पट्टीपर्यंत सहज जायचा. पुढे हे फार कामी आलं.

१९७०मध्ये टिमने स्माइल सोडलं आणि त्या जागी फ्रेडी आला. बँडचं नाव 'क्वीन' त्याने सुचवलं, स्वतःचं आडनाव 'मर्क्युरी' त्यानेच घेतलं आणि बँडचं बोधचिन्हही त्यानेच काढलं. चौघांच्या राशी त्यात आहेत: सिंह राशीचे दोन सिंह, कर्केचा एक खेकडा, कन्येच्या दोन पऱ्या. कला महाविद्यालयातलं शिक्षण वाया गेलं नाही. २७ जून १९७०ला ट्रुरोमध्ये त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. रॉजरच्या आईने रेड क्रॉससाठी ठरवलेला. ठरवताना जुना बँड होता, म्हणून जाहिरातीत नाव 'स्माइल'च राहिलं.

चौथी जागा मात्र भरता भरेना. बेसगिटार वाजवणारे तिघे एकामागून एक येऊन गेले. बेस हे वाद्य आपल्याकडे सहसा लक्षात येत नाही, पण त्याचं काम मोठं आहे. ताल आणि स्वर यांना बांधणारी ती दोरी आहे. बेस सैल असेल तर बाकीचे कितीही चांगले वाजवोत, गाणं विस्कटतं. १९७१च्या सुरुवातीला जॉन डीकन सापडला. वयाने सगळ्यांत लहान, इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी, जवळजवळ न बोलणारा. तीन मोठे स्वभाव आधीच एका खोलीत असताना चौथा असा मिळणं हेच त्यांचं भाग्य, असं मला वाटतं. पुढे रस्त्यावरच्या भंगारात टाकलेलं एक सर्किट उचलून त्याने छोटा अँप्लिफायर बनवला. तो ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालायचा. ब्रायनची घरगुती गिटार जॉनच्या या भंगारातल्या पेटीला जोडली की जो आवाज निघे, तो दुसऱ्या कुठल्याच बँडकडे नव्हता, कारण ती यंत्रं दुसऱ्या कुणाकडे नव्हतीच.

आता पैशाकडे वळू. इथे बहुतेक लेख घाईने पुढे जातात, पण बँडचं खरं आयुष्य इथेच असतं.

बँड जमला तरी तबकडी काढायला स्टुडिओ लागतो आणि स्टुडिओचं भाडं विद्यार्थ्यांना परवडत नाही. १९७१मध्ये वेम्बलीला डी लेन ली हा स्टुडिओ नवा उभा राहत होता. यंत्रं नीट चालतात का हे पाहायला त्यांना मोठ्याने वाजवणारं कुणीतरी हवं होतं. क्वीनने ते काम केलं आणि मोबदल्यात स्वतःची गाणी नमुना म्हणून ध्वनिमुद्रित करून घेतली. त्यानंतर १९७२मध्ये लंडनच्या सोहो भागातल्या ट्रायडेंट स्टुडिओशी करार झाला. मोठी मंडळी स्टुडिओ वापरत नसतील तेव्हाच्या रिकाम्या वेळात, पुष्कळदा रात्री, क्वीनने आपला पहिला अल्बम केला.

तो करार कसा होता? तबकड्या काढायचा, गाण्यांचे हक्क सांभाळायचा आणि बँडचा कारभार पाहायचा, असे तिन्ही करार एकाच ट्रायडेंटशी. ट्रायडेंट खर्च करून ध्वनिमुद्रण करणार आणि ते ईएमआयसारख्या मोठ्या कंपनीला देणार. मंचावरची सामग्री, कपडे, प्रवास, पगार, सगळा खर्च आधी ट्रायडेंट घालणार आणि तो बँडच्या पुढच्या कमाईतून वळता होणार. आपल्याकडे याला साधा शब्द आहे: उचल. उचल घेतली की आधी ती फिटते, मग हातात पैसे येतात. शिवाय कारभारी तोच आणि माल घेणाराही तोच असला, तर बँडच्या बाजूने भाव कोण करणार? ट्रायडेंटने तेव्हा कुणी विचारत नसलेल्या चार मुलांवर मोठी रक्कम लावली, हेही तितकंच खरं. तिथले नॉर्मन शेफिल्ड यांनी पुढे आपली बाजू सविस्तर मांडली. मला वाटतं दोष एका माणसात शोधण्यापेक्षा कराराच्या बांधणीत शोधावा. आजही हौशी बँडला मी हेच सांगेन की कारभारी आणि कंपनी एकच नसावी.

पहिला अल्बम १३ जुलै १९७३ला आला. ही तारीख लक्षात ठेवा. त्यातलं पहिलं गाणं खपाच्या कुठल्याच यादीत चढलं नाही. समीक्षकांनीही फारसं जवळ केलं नाही. मग त्यांनी मॉट द हूपल या नावाजलेल्या बँडच्या आधी वाजवायचं काम घेतलं. मुख्य बँड यायच्या आधी अर्धा-पाऊण तास दुसऱ्याच्या श्रोत्यांपुढे वाजवायचं. लोक आपल्यासाठी आलेले नसतात, काही तर अजून जागा शोधत असतात. त्यांना पहिल्या दोन गाण्यांत थांबवायचं. फ्रेडीचं मंचावरचं रूप या शाळेत घडलं.

१९७४च्या फेब्रुवारीत नशिबाने दार उघडलं. बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या कार्यक्रमात डेव्हिड बोवी या इंग्लिश गायकाच्या गाण्याची चित्रफीत लागायची होती, ती मिळाली नाही. आयत्या वेळी क्वीनला बोलावलं. 'सेव्हन सीज ऑफ राय' त्यांनी सादर केलं तेव्हा तबकडी दुकानात आलीही नव्हती. ती घाईने काढली आणि दहाव्या क्रमांकापर्यंत गेली. त्याच वसंतात अमेरिकेचा दौरा सुरू झाला आणि अर्ध्यात ब्रायन काविळीने आडवा पडला. दौरा सोडून सगळे परतले. तो आजारी असताना बाकीच्यांनी तिसऱ्या अल्बमचं काम सुरू केलं आणि त्याच्या जागा रिकाम्या ठेवल्या. त्या अल्बममधलं 'किलर क्वीन' इंग्लंडमध्ये दुसऱ्या क्रमांकावर पोचलं. १९७५च्या एप्रिलमध्ये ते जपानला उतरले, तर टोकियोच्या विमानतळावर हजारो चाहते उभे.

आणि हातात काय होतं? आठवड्याला ६० पौंड पगार. जॉनला घरासाठी आगाऊ रक्कम हवी होती, ती मिळाली नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हे पटत नाही, पण उचलीचा हिशोब आठवा: तबकड्या खपत होत्या, पैसा मात्र आधी खर्चात वळता होत होता. १९७५मध्ये त्यांनी करार मोडला. सुटकेची किंमत १ लाख पौंड आणि पुढच्या सहा अल्बमच्या मानधनातला १ टक्का हिस्सा. जॉन रीड हे नवे कारभारी झाले. म्हणजे चौथा अल्बम करायला बसले तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. तो अल्बम चालला नसता तर आज आपण क्वीनबद्दल बोलत नसतो.

अशा वेळी कुणीही साधं, खपणारं काहीतरी केलं असतं. त्यांनी 'बोहेमियन रॅप्सडी' केलं.

या गाण्यात नेमकं अवघड काय आहे, ते आपल्या पेटीवरून समजेल. भजनात दहा जण गातात तेव्हा सगळे एकच चाल गातात. वरच्या सप्तकात असो वा खालच्या, स्वर तोच. पाश्चात्त्य समूहगानात मात्र एकाच क्षणी एक जण सा गातो, दुसरा ग, तिसरा प. पेटीवर तिन्ही पट्ट्या एकदम दाबून पाहा, जो भरीव आवाज येतो ती हार्मनी. आता प्रत्येक स्वर एका माणसाने न गाता दहा-दहा माणसांनी गायला तर? ऑपेराच्या, म्हणजे पाश्चात्त्य संगीतनाटकाच्या, रंगमंचावर तसंच असतं. क्वीनकडे गाणारी माणसं होती तीन: फ्रेडी मधल्या पट्टीत, ब्रायन खाली, रॉजर अगदी वर.

तीन माणसांची फौज कशी करायची? तेव्हाच्या चांगल्या स्टुडिओत रुंद चुंबकीय टेपवर २४ समांतर पट्ट्या असत. एका पट्टीवर तिघांनी एक ओळ गायची, मग ती ऐकत दुसऱ्या पट्टीवर पुन्हा गायची, मग तिसऱ्यावर. पट्ट्या भरल्या की त्या सगळ्या एकत्र करून एक-दोन पट्ट्यांवर उतरवायच्या, म्हणजे बाकीच्या पुन्हा मोकळ्या. असं थरावर थर. निर्माते रॉय थॉमस बेकर यांच्याबरोबर १९७५च्या ऑगस्टअखेर वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत काम सुरू झालं. गाण्यातल्या नुसत्या ऑपेराच्या ढंगाच्या भागाला तीन आठवडे लागले. तिघे दिवसाला दहा-दहा, बारा-बारा तास गात होते. टेप यंत्रातून इतक्या वेळा फिरली की तिच्यावरचा तपकिरी मुलामा झिजला आणि उजेडासमोर धरली की आरपार दिसू लागलं. आज संगणकावर हे एका दुपारी होतं, आणि चूक झाली तर पुसताही येते. त्यांच्याकडे एक चूक म्हणजे खालचे सगळे थर पुन्हा.

गाणं झालं जवळजवळ सहा मिनिटांचं. रेडिओवर तेव्हा तीन-साडेतीन मिनिटांची गाणी लागत. कंपनीचं म्हणणं, कापा. बँडचं म्हणणं, नाही. तेव्हा फ्रेडीचा मित्र केनी एव्हरेट लंडनच्या कॅपिटल रेडिओवर निवेदक होता. त्याला एक प्रत दिली, लावू नकोस असंही सांगितलं. त्याने दोन दिवसांत ते १४ वेळा लावलं. सोमवारी लोक दुकानांत तबकडी मागायला गेले. ३१ ऑक्टोबर १९७५ला ती प्रसिद्ध झाली आणि नऊ आठवडे इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर राहिली. दूरचित्रवाणीवर हे गाणं सादर कसं करणार, हा प्रश्न होताच, कारण तिघांनी शंभर गळ्यांचा अभिनय केला तर हसू झालं असतं, शिवाय बँड दौऱ्यावर निघाला होता. म्हणून ब्रूस गोवर्स या दिग्दर्शकाने एल्स्ट्रीच्या स्टुडिओत काही तासांत चित्रफीत केली. बँड एका गावात आणि त्याचं चित्र देशभर घराघरांत, ही आज नेहमीची गोष्ट आहे. तेव्हा नव्हती.

आणि त्या तबकडीच्या मागच्या बाजूला रॉजरचं गाणं होतं. तबकडी खपली की दोन्ही बाजूंच्या गीतकार-संगीतकारांना सारखंच मानधन मिळतं, मग लोक मागची बाजू ऐकोत वा न ऐकोत. त्यामुळे लाखो लोकांनी विकत घेतलेल्या फ्रेडीच्या गाण्याइतकाच पैसा रॉजरलाही मिळाला. यावरून बँडमध्ये बरीच वर्षं धुसफूस होती. पुढे १९८९चा अल्बम करताना त्यांनी ठरवलं की यापुढे गाणं कुणीही लिहो, नाव लागेल 'क्वीन'. बँड फुटतात ते बहुधा इथेच, मानधनाच्या कागदावर. यांनी फुटू दिलं नाही.

१९७७मध्ये इंग्लंडमधल्या स्टॅफर्डला कार्यक्रम संपला आणि श्रोते घरी न जाता एक गाणं म्हणत राहिले. ब्रायनला वाटलं, गर्दीला गायला, वाजवायला देता येईल असं काही लिहावं. दाटीत उभा असलेला माणूस काय करू शकतो? पाय आपटू शकतो, टाळी देऊ शकतो. दोनदा पाय, एकदा टाळी. 'वी विल रॉक यू'मध्ये ड्रम्स नाहीतच. जुन्या चर्चमधल्या स्टुडिओत फळ्यांवर पाय आपटून ते मुद्रित केलं. मग प्रत्येक थर किंचित उशिरा ऐकू येईल असा ठेवला, जणू माणसं वेगवेगळ्या अंतरावर उभी आहेत. ती अंतरं भौतिकशास्त्र शिकलेल्या ब्रायनने मूळ संख्यांवरून ठरवली. अंतरं एकमेकांच्या पटीत असती तर आवाज घुमला असता, प्रतिध्वनी वाटला असता. मूळ संख्यांमुळे ती गर्दी वाटते. आज वानखेडेवरही ते दोन ठोके आणि टाळी वाजली की कुणाला शिकवावं लागत नाही.

त्यानंतरचं थोडक्यात. १९८०मध्ये जॉनच्या बेसवर उभं असलेलं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. १९८१मध्ये ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या मैदानात एका रात्री १ लाख ३१ हजार लोक होते. मग थोडी ओहोटी, थोडे आपापले वेगळे अल्बम, थकवा.

आणि १३ जुलै १९८५. पहिला अल्बम आला त्याला त्या दिवशी बरोबर बारा वर्षं झाली होती. इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी लंडनच्या वेम्बली मैदानात 'लाइव्ह एड' होतं, जगभर थेट प्रक्षेपण चालू होतं. प्रत्येकाला वीसेक मिनिटं. क्वीनने आधी नाट्यगृह घेऊन घड्याळ लावून तालीम केली होती आणि गाणी कापून एकात एक ओवली होती. संध्याकाळचं लख्ख ऊन, दिव्यांची जादू नाही, ७२ हजार माणसं. फ्रेडी पियानोवर बसला, स्वतःच्याच 'बोहेमियन रॅप्सडी'ची सुरुवात वाजवली. मग रॉजरने लिहिलेलं 'रेडिओ गागा' आलं आणि सगळं मैदान डोक्यावर हात नेऊन एकाच वेळी टाळ्या देऊ लागलं. त्यानंतर ब्रायनचं 'हॅमर टू फॉल', पुन्हा फ्रेडीचं एक, ब्रायनचे दोन ठोके आणि टाळी, शेवटी फ्रेडीचं 'वी आर द चॅम्पियन्स'. जॉनचं स्वतःचं गाणं त्या दिवशी एकही नव्हतं. ती चित्रफीत पुन्हा पाहाल तेव्हा फ्रेडीवरची नजर थोडी काढून मागे, ड्रम्सच्या बाजूला न्या. मान थोडी खाली घालून बेस वाजवणारा तो तरुण दिसेल. सहाही गाणी त्याने धरून ठेवली आहेत.